मैलाखात्याचा नवा सर्व्हर

नाकतोड्याला वास येणार नाही अशी वस्तू पृथ्वीवर अजून जन्माला यायची होती. फोनवर बोलता बोलता समोरच्यानं दात घासलेत की नुसती चूळ भरली आहे हे तो ओळखायचा. लिफ्टमध्ये शिरला की आधी कोण कोण वर गेलं आणि त्यातलं कोण कुणावर चिडलेलं होतं, एवढं सांगून मोकळा व्हायचा. एकदा तर त्यानं चौथ्या मजल्यावरून ओरडून तळमजल्याच्या बाईंना सांगितलं होतं की तुमच्या फ्रीजमधलं मागच्या कोपऱ्यातलं लिंबू गेलं. बाई रागावल्या, मग फ्रीज उघडून बघून आल्या, आणि त्यानंतर जास्तच रागावल्या. खरं बोलणाऱ्याचं असंच होतं.

नाव पडलं होतं ते मात्र अंगकाठीवरून. उंच, हाडकुळा, बसला की गुडघे कानांशी. पुढे नाकाची कीर्ती पसरली तेव्हा लोकांना वाटलं, ज्यानं नाव ठेवलं त्याला भविष्य कळत असणार.

असल्या माणसानं पोटासाठी करावं काय? डॉक्टरकी नको, स्वयंपाकी व्हायला नको, शाळेत मास्तर तर नकोच नको. त्यानं संगणकाचा धंदा धरला. यंत्राला काख नसते, एवढं एकच तत्त्व त्यामागे होतं. बंद काचेची खोली, गार हवा, माणूस जवळ नाही, सुख म्हणजे आणखी काय असतं. पण नशीब मोठं खट्याळ. नोकरी लागली ती पालिकेच्या मैलाखात्यात.

खात्याचं खरं नाव लांबलचक होतं आणि साहेबांनी ते आणखी लांबवून दारावर पितळी अक्षरांत लावलं होतं. त्यात द्रव होता, व्यवस्थापन होतं, शाश्वत होतं. फक्त मैला नव्हता. सगळं गाव मैलाखातंच म्हणायचं.

त्या गावाला उतार होता. वरच्या टोकाला बंगले, मग चाळी, मग बाजार, आणि सगळ्यांत खाली खालची आळी. सगळ्या गावानं धुतलेलं, ओतलेलं, खरकटं, आणि जेवताना ज्याचं नाव काढू नये ते, असं सगळं जमिनीखालच्या नळांतून उताराला लागायचं आणि खालच्या आळीच्या शेजारी पंपघराच्या विहिरीत येऊन पडायचं. तिथून तीन दांडगे पंप ते उचलून टेकडीपलीकडच्या शुद्धीकरणाच्या टाक्यांत फेकायचे. पंप चालले तर गाव स्वच्छ. पंप थांबले तर घाणीला जायला वाट एकच, आली तशी मागे. आणि मागे सरकताना वाटेत लागणारं पहिलं घर नाकतोड्याच्या थोरल्या बहिणीचं.

ताई तळमजल्यावर राहायची. घरात ती आणि तिची सासू. सासू किती वर्षं खाटेवर होती ते खाटेलाही आठवत नसेल. तिला हलवायचं म्हणजे चार धट्टेकट्टे गडी आणि एक डॉक्टर लागे, आणि त्यातही डॉक्टर म्हणे, न हलवाल तर बरं.

"तू तिथे काय यंत्र बदलतोयस म्हणे," ताईनं एकदा विचारलं.

"पंपांना हुकूम देणारा सर्व्हर. जुना झालाय."

"चालतोय ना?"

"चालतोय, पण त्याची सिस्टीम आता कुणी सांभाळत नाही. कंपनीनंच हात वर केलेत. एक दिवस बंद पडला की पडला."

"हे बघ," ताई म्हणाली, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण तुझं काही चुकलं तर अख्खं गाव माझ्या मोरीतून वर येईल, आणि ह्या बाईला घेऊन मी पळू शकत नाही. एवढं डोक्यात ठेव आणि काय हवं ते बदल."

नाकतोड्यानं ठेवलं डोक्यात. म्हणजे त्याला तसं वाटलं.

जुना सर्व्हर पंपघरात मामाच्या केबिनमध्ये होता. मामा हा पंपघराचा रखवालदार, चालक आणि राजा, सगळं एकच. तो कुणाचा मामा होता हे कुणाला माहीत नव्हतं, पण साहेबसुद्धा त्याला मामाच म्हणत. नाकतोड्या पहिल्यांदा तिथे गेला तेव्हा फाटकाशीच त्याच्या नाकानं राजीनामा दिला. वास असा होता की त्याला पाठ टेकून उभं राहता आलं असतं. कावळे पंपघरावरून जाताना श्वास रोखत आणि पलीकडे जाऊन मगच पंख मारत. खोटं वाटत असेल त्यानं जाऊन बघावं.

"या, इंजिनेर," मामा म्हणाला. तो त्या केबिनमध्ये बसून निवांत पाव खात होता. "नाक का धरलंय? पहिले चार दिवस त्रास होतो. मग बाहेर गेलं की त्रास होतो."

टेबलाखाली सर्व्हर होता. वरून करडा, जवळून बघितलं की तपकिरी. नाकतोड्यानं हातमोजे घातले, त्यावर आणखी हातमोजे घातले आणि झाकण उघडलं. आत जे होतं ते लिहू नये, पण लिहिल्याशिवाय पुढे जाताही येत नाही. पंख्यानं वर्षानुवर्षं त्या विहिरीची हवा आत ओढली होती, आणि त्या हवेतली चरबी पातळ थरांनी सगळ्या भागांवर बसून जाड झाली होती. तिच्यात केस होते. पालीची एक शेपटी होती. झुरळांचं एक कुटुंब होतं, आजी-आजोबांसकट, आणि ती मंडळी झाकण काढल्याबद्दल नाराज दिसली. या असल्या नरकातून तो प्रोग्रॅम रोज पंपांना सांगत होता, एक नंबर चालू, दोन नंबर बंद. नाकतोड्याला वाटलं, हे असं पोसलेलं यंत्र आणि त्यावर माझ्या बहिणीचं घर उभं.

कीबोर्ड त्याहून वाईट. कळांवरची अक्षरं केव्हाच मळाखाली गेलेली, आणि एंटरच्या कळीवर एक भलाथोरला गंजका लोखंडी नट ठेवलेला. पंपाच्या पायातून निघालेला असावा. मुठीएवढा, तेलकट.

नाकतोड्यानं तो दोन बोटांनी उचलला आणि खिडकीबाहेर टाकला.

"अरे अरे," मामा म्हणाला, "तो आमचा जुना माणूस आहे."

नाकतोड्याला वाटलं, मामाची थट्टा. त्यानं पुढे काही विचारलं नाही. त्या केबिनमध्ये तोंड उघडायचं म्हणजे ती हवा खायची, आणि कमीत कमी बोलायचं हे त्यानं फाटकातच ठरवलं होतं. प्रोग्रॅमची नक्कल घेतली, तारा मोजल्या आणि पळाला. घरी जाऊन त्यानं अंघोळ केली, मग साबणाला अंघोळ घातली.

नवा सर्व्हर मुख्य कचेरीत बसला. काचेची खोली, निळे दिवे, झुरळाला परवान्याशिवाय प्रवेश नाही. पंपघरात राहिला फक्त एक पडदा आणि एक कीबोर्ड, मामाला आकडे दिसावेत म्हणून. नाकतोड्याचा सगळा बेत हाच होता. एकदा हे वर आणलं की त्या केबिनचं तोंड पुन्हा बघायचं नाही.

प्रश्न होता जुन्या प्रोग्रॅमचा. तो ज्यानं लिहिला ती कंपनी बुडाली होती आणि लिहिणारा कुठे आहे हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नव्हतं. प्रोग्रॅम जुन्या पिढीचा, बत्तीस बिटांचा, नवी सिस्टीम चौसष्टची. सर्व्हर विकणारा म्हणाला, चालतो. नाकतोड्यानं चालवून पाहिला. खरंच चालला. पंप सुरू झाले, थांबले, आकडे आले. साहेबांनी तर हस्तांतराच्या आधी फोटोसाठी ठेकेदाराचा टँकर मागवून विहीर, भिंती, पंपांत कचरा जाऊ नये म्हणून लावलेल्या जाळ्या, सगळं लखलखीत धुऊन घेतलं होतं. पंपघर जन्मात पहिल्यांदा आपल्या खऱ्या रंगात दिसलं आणि मामाला दोन दिवस आपलीच केबिन सापडेना. साहेबांनी अत्तर लावून, विहिरीकडे पाठ करून फोटो काढला. त्यात ते हसत होते आणि श्वास घेत नव्हते.

कित्येक आठवडे सगळं सुरळीत चाललं. साहेबांच्या दालनात भिंतभर पडदा लागला. त्यावर तीन हिरवी वर्तुळं, म्हणजे तीन पंप. साहेब पाहुण्यांना ती वर्तुळं दाखवत, आणि एक दिवस असा आला की दुसऱ्या गावांच्या पालिकांची मंडळी ही नवी व्यवस्था बघायला येणार होती.

नेमकं त्याच्या आधी गावाचं पाणी दोन दिवस बंद होतं. मोठा पाइप फुटलेला. त्या सकाळी पाणी आलं, आणि सगळं गाव एकदम मोरीत शिरलं. दोन दिवसांची धुणी, दोन दिवसांची भांडी, दोन दिवस अडवून धरलेलं जे काही होतं ते, सगळं एका दमात उताराला लागलं.

नाकतोड्या काचेच्या खोलीत बसून पाहुण्यांसाठी चित्रं नीट करत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"पंप बंद आहेत का रे?" ताई.

त्यानं पडद्याकडे पाहिलं. तीन वर्तुळं, तिन्ही हिरवी. "नाही ताई. इथे सगळं ठीक दिसतंय."

"हो का? मग ते तुझं सगळं ठीक माझ्या उंबऱ्यावर येऊन उभं आहे. बघून जा."

तो गेला. आळीच्या तोंडाशीच त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. ताईच्या घरात मोरीच्या जाळीतून काळं पाणी गुबूक गुबूक करत वर येत होतं, घाई न करता, जसा एखादा नको असलेला पाहुणा आपली पिशवी आत सरकवतो आणि मग स्वतः येतो. घोट्याएवढं झालं होतं. त्यावर काय काय तरंगत होतं. ते कुणाच्या घरचं असावं हे नाकतोड्याच्या नाकानं सांगायला सुरुवात केली आणि त्यानं नाकाला गप्प केलं. ताईनं खाटेच्या पायांखाली विटा घातल्या होत्या. सासू उंचावर पडून आढ्याकडे बघत होती.

"कोण आलंय?" सासूनं विचारलं.

"माझा भाऊ."

"मला वाटलं आणखी गाव आलं," सासू म्हणाली. मग थोडा वेळ हुंगून म्हणाली, "लोकांचं खाणं फार बिघडलंय हल्ली."

ताई हसली नाही. साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती हातात सूप घेऊन उभी होती आणि त्या सुपानं घाण उंबऱ्याबाहेर लोटत होती. एक सूप बाहेर, दोन सुपं आत. तिनं भावाकडे पाहिलं ते रागानं नाही, किळसेनं. पायाखालच्या पाण्याकडे बघत होती त्याच नजरेनं.

"अजून वीतभर चढलं की खाटेला लागेल," ती म्हणाली. "आता जा. इथे उभं राहून काय करणार आहेस?"

नाकतोड्या चिखलाच्या बुटांनी पंपघरात धावला. पंप खरंच थांबलेले. विहीर काठोकाठ. आणि मामा पडद्यासमोर बसलेला, दोन्ही हात कीबोर्डवर.

"मी दाबून धरलंय, इंजिनेर," मामा म्हणाला. "काळजी करू नका."

नव्या कोऱ्या कीबोर्डच्या एंटरवर तोच तो गंजका नट होता, आणि नटावर मामाचा तळहात.

"हे काय आहे?"

"आमची पद्धत. तुम्ही टाकून दिलात, मी उचलून आणला. पहिल्या दिवसापासून ठेवलाय. नट आहे तोवर पंप थांबत नाहीत. आज थांबलेत म्हणून वरून जोर लावतोय."

नाकतोड्याला एकाएकी त्या हवेत श्वास घ्यावा लागला. "मामा, हा नट मुळात ठेवला कशाला?"

"ती चौकट यायची ना. पडद्यावर मधोमध एक चौकट उघडायची, खाली लिहिलेलं, ठीक. ठीक म्हटल्याशिवाय पंप हलायचा नाही. आधी मी उठून दाबायचो. दिवसातून दहादा. मग म्हटलं, एंटरवर काही ठेवलं तर? ठेवला. चौकट आली की लगेच ठीक. आली की ठीक. बारा वर्षं उठलो नाही."

"आणि चौकटीत काय लिहिलेलं असायचं?"

मामा विचारात पडला. "वाचायला वेळच नाही मिळाला. नट फार चपळ."

नाकतोड्या खाली बसला. कशावर बसतोय हे न बघता बसला, यावरून काय ते समजा.

आता झालं होतं असं. जुन्या सिस्टीमच्या राज्यात सगळे एकाच खोलीत राहत. मागे राबणारा प्रोग्रॅम आणि समोर बसलेला माणूस यांच्यात भिंत नव्हती. राबणाऱ्याला काही सांगायचं असलं की तो सरळ पुढे यायचा, पडद्यावर चौकट उघडायचा आणि म्हणायचा, असं असं झालंय, ठीक म्हणा, मग पुढे जातो. पण त्या वाटेनं चोरांचीही सोय झाली. कुणीही लबाड प्रोग्रॅम त्याच दारानं घुसून घरमालक व्हायला लागला. म्हणून नवी सिस्टीम बांधणाऱ्यांनी नकाशाच बदलला. राबणाऱ्यांची खोली वेगळी केली. तिला खिडकी नाही, आणि माणसाला तिकडे बघायची सोय नाही. बत्तीस बिटांचा जुना भाडेकरू चौसष्टच्या नव्या इमारतीत राहायला आला, त्याला जागा मिळाली, वीज मिळाली, काम मिळालं. विकणारा खोटं बोलला नव्हता. फक्त त्या भाडेकरूला कुणी सांगितलं नव्हतं की आता तू हाक मारलीस तर ऐकू जाणार नाही. बिचाऱ्यानं सवयीप्रमाणे चौकट उघडली आणि त्या अंधाऱ्या खोलीत हातात धरून उभा राहिला, कुणी ठीक म्हणेल म्हणून. तिन्ही पंप थांबवून. आणि भिंतीवरची वर्तुळं थांबण्याआधीचा शेवटचा रंग धरून हिरवीगार.

नाकतोड्याला हे सगळं लॅपटॉप उघडताच कळलं, आणि आधी का कळलं नाही हेही कळलं. आठवडाभर त्या केबिनमध्ये बसला असता तर एकदा तरी चौकट लुकलुकताना दिसली असती. तो नाक धरून पळाला होता.

त्यानं सिस्टीमला विचारलं, बंद खोलीत कोण काय धरून बसलंय? उत्तर आलं. त्यानं त्या चौकटीतला मजकूर बाहेर ओढला आणि मोठ्यानं वाचला.

"तीन नंबरची जाळी तुंबली आहे. हाताने साफ करा. साफ झाल्यावर ठीक दाबा."

"असं होय," मामा म्हणाला. "मला वाटलं, नमस्कार वगैरे काहीतरी असेल."

बारा वर्षं तो प्रोग्रॅम ओरडत होता आणि बारा वर्षं नट त्याला ठीक म्हणत होता. पंप तुंबलेल्या जाळीतून घाण फरफटत ओढत राहिले, मधून मधून जळले, नवे आले, तेही जळले. जाळी तुंबल्याची एकही तक्रार येत नाही म्हणून साहेबांनी जाळीवरचे कामगारच कमी केले होते. त्याबद्दल त्यांचा सत्कार झाला होता.

नाकतोड्यानं अंधाऱ्या खोलीतलं ठीक दाबून पाहिलं. पंप गुरगुरला, कण्हला, हवा ओढल्यासारखा खोकला आणि थांबला. लगेच दुसरी चौकट. फोटोसाठी धुतलेली जाळी कित्येक आठवडे टिकली होती, पण आज सकाळभर पाणी उभं राहिलं होतं, सगळं खाली बसून जाळीवर लिंपलं गेलं होतं. आता नुसतं ठीक म्हणून भागणार नव्हतं.

त्यानं साहेबांना फोन लावला.

"अहो, पाहुणे बसलेत," साहेब दबक्या आवाजात म्हणाले. "हिरवं दिसतंय की इथे सगळं."

"ते खोटं हिरवं आहे, साहेब. जाळी तुंबलीय. खालच्या आळीत घरांत पाणी शिरलंय."

"मग असं करा, ते ठीक आपोआप दाबलं जाईल असं काहीतरी लिहून टाका. तुम्हाला काय अवघड आहे?"

"पंप जळेल. जाळी साफच करावी लागेल. माणसं पाठवा."

"ठेकेदाराचा टँकर परगावी गेलाय. तुम्ही तिथेच बघा ना कुणीतरी. उतरवा एखाद्याला."

"कुणाला?"

"असतात हो अशी माणसं," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला.

नाकतोड्याला आयुष्यात अनेक वास आले होते, पण फोनमधून आलेला हा वास त्याला अगदी नवीन होता. विहिरीचा त्यापुढे काहीच नाही. विहीर निदान स्वतःला विहीर म्हणवत होती.

मग त्यानं दोन कामं केली. एक, चार ओळींचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. बंद खोलीत चौकट उघडली की तिचा मजकूर साहेबांच्या भिंतीवर, त्या तीन वर्तुळांच्या डोक्यावर, हाताएवढ्या अक्षरांत. आणि जाळीच्या अलीकडचं पलीकडचं पाणी एका पातळीला येईपर्यंत, म्हणजे जाळी खरोखर मोकळी होईपर्यंत, ती अक्षरं तिथून हलणार नाहीत. दोन, शर्टाच्या बाह्या वर केल्या.

जाळीवर लोखंडी फळी होती, माणसाला वर उभं राहून लांब दाताळ्यानं ओढता यावं अशी. खाली उतरायची गरजच नव्हती. फक्त कुणीतरी फळीवर उभं राहायला हवं होतं. दाताळी भिंतीवर टांगलेली होती आणि त्यांच्यावर कोळ्यांच्या पिढ्या नांदत होत्या. एक नाकतोड्यानं घेतलं, एक मामाच्या हातात दिलं.

"मी?" मामा म्हणाला.

"नट सुट्टीवर आहे."

पहिल्या ओढीला जे वर आलं ते बघून मामानं बारा वर्षांत प्रथमच नाकाला रुमाल लावला. चिंध्यांचा एक दोर आला, गोठलेल्या चरबीत भिजलेला, दाराएवढा जाड. तो ओढला तर संपेचना. मामाची शपथ, त्याचं दुसरं टोक वरच्या बंगल्यातल्या कुणाच्या तरी हातात असणार. त्यामागून केसांचे गोळे आले, मांजराएवढे, एक दोन तर म्याव करतील असे. दातांची कवळी आली, हसतच आली. एक पत्र्याचा ट्रे आला, तो कुठल्या नळातून गेला हे देवालाच ठाऊक. आणि जे नेहमीचं होतं ते तर पाट्याच्या पाट्या. नाकतोड्या दोनदा ओकला आणि दोन्ही वेळा दाताळं सोडलं नाही. त्याचं ओकलेलंही त्याच विहिरीत गेलं. तिनं कुरकुर केली नाही.

थोडी वाट झाली. ठीक दाबलं. पंपानं घोट घेतला, दुसरा घेतला, आणि पाणी दोन बोटं उतरलं. मग पुन्हा चौकट.

तिकडे साहेबांच्या दालनात काय झालं ते शिपायानं नंतर सगळ्या गावाला सांगितलं. साहेब हिरव्या वर्तुळांपुढे हात पसरून बोलत होते, आणि वर्तुळांवर अक्षरं उमटली. तीन नंबरची जाळी तुंबली आहे. हाताने साफ करा. साहेबांनी बटणं दाबली, शिपायानं तार हलवली, अक्षरं ढिम्म. पाहुण्यांतला एक म्हणाला, वा, म्हणजे खरी परिस्थिती थेट दिसते वाटतं. आमच्याकडे असं काही नाही. चला, ती जाळीच बघू या.

नाही कसं म्हणणार?

पाहुणे फाटकापर्यंत आले, तिथेच त्यांना दुसरी कामं आठवली आणि ते आपल्या गाडीत बसून काचा वर करून गेले. साहेब एकटे उरले, पांढऱ्या शर्टात. फळीवर नाकतोड्या होता. म्हणजे आकारावरून तरी तोच वाटत होता.

"हे काय चालवलंय तुम्ही?" साहेब रुमालातून म्हणाले.

"एक माणूस कमी पडतोय, साहेब. असतात अशी माणसं म्हणालात, म्हणून वाट बघत होतो." त्यानं दाताळं पुढे केलं.

"मी तुमच्यावर कारवाई करीन."

"करा. त्याआधी हे टोक धरा. मामाचे हात गेलेत."

मामा खरंच पाय पसरून भिंतीला टेकला होता आणि पावाची आठवण काढून ओकत होता. साहेबांनी मागे पाहिलं. फाटकाबाहेर खालच्या आळीतली माणसं जमली होती, गुडघ्यापर्यंत काळी. साहेबांनी दाताळं धरलं. दोन बोटांनी धरलं, मग चार, मग मुठीनं. पहिल्या ओढीला त्यांचं अत्तर मेलं. दुसऱ्या ओढीला सकाळचा नाश्ता गेला. तिसऱ्या ओढीला शर्ट कुठे संपतो आणि विहीर कुठे सुरू होते ते सांगता येईना. ओढायचं, ठीक दाबायचं, पंपानं प्यायचं. पुन्हा चौकट, पुन्हा ओढायचं. ऊन उतरायला लागलं तेव्हा तीन नंबरचा पंप न खोकता सलग चालू लागला आणि विहिरीत पाण्याची पातळी डोळ्यांदेखत खाली जाऊ लागली.

नाकतोड्यानं कोपरानं फोन लावला. "ताई?"

"उतरलं," ताई म्हणाली. "खाटेला चार बोटं राहिली होती. सासूबाई कोरड्या आहेत. पण घरात थर बसलाय घोटाभर. चाळत बसलेय मी गावाचं पोट."

"येतो."

साहेब आपल्या गाडीकडे निघाले होते. चालकानं त्यांना येताना पाहिलं, चारही दारं आतून लावून घेतली आणि काचेतून हात जोडले. साहेबांनी काच ठोठावली. काचेवर उमटलेल्या पंजाकडे त्यांनी स्वतःच पाहिलं आणि हात मागे घेतला.

"इकडून चालत जाऊ," नाकतोड्या म्हणाला. "जवळ आहे."

उताराच्या त्या शेवटच्या गल्लीत साहेब आजवर कधी आले नव्हते. भिंतींवर गुडघ्याएवढी काळी रेघ होती, घराघरांतून झाडू खरवडल्याचा आवाज येत होता, आणि कुणी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही, कारण तिथे त्या संध्याकाळी सगळे सारखेच दिसत होते. ताई दारात उभी होती. तिनं भावाला पाहिलं, मग त्याच्या मागच्या माणसाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"हा कोण?"

"आमच्या खात्यातला माणूस आहे."

साहेब काही म्हणणार होते. ताईनं त्यांच्या हातात बादली दिली आणि बादलीत झाडू उभा केला.

"बरं झालं आणलास," ती म्हणाली. "चपला बाहेर काढू नका, तशाच राहू द्या. सासूबाईंच्या खाटेखालून सुरू करा, आणि सावकाश, त्या झोपल्यात."